मत कोणाच्या मालकीचे?

मुंबईत ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला लॅमिंग्टन रोड कोठे आहे हे सांगावे लागत नाही. परंतु त्याच नावाचा एक रस्ता हुबळीतही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानी असते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव ह्या दोन्ही रस्त्यांना मिळाले. कारण मुंबई आणि हुबळी ही शहरे तेव्हा एकाच इलाख्यात नांदत होती. मुंबईच्या रस्त्याला पुढे डॉ. भडकमकरांचे नाव दिले गेले, हुबळीच्या रस्त्याला इलाख्याचे एक काळचे मंत्री सर सिद्दप्पा कंबळी यांचे. पाट्या बदलल्या, तरी लोकांच्या तोंडी मात्र दोन्हीकडे ‘लॅमिंग्टन रोड’च राहिला. हुबळी-धारवाड महानगरपालिकेचे कार्यालय ह्याच रस्त्यावर आहे, आणि ज्या घराण्याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत त्याच्या राजकारणाचा ओनामाही ह्या नगरपालिकेच्या राजकारणातच झाला आहे.

श्री. जगदीश शेट्टर हे ते नाव. सहा वेळा आमदार, एकदा सभापती, दोनदा विरोधी पक्षनेते, एकदा मुख्यमंत्री; २०२३ साली आपल्याच गावात पराभूत, आणि २०२४ साली शेजारच्या बेळगावातून खासदार. दुसऱ्या राज्यातील एका पुढाऱ्याची ही कथा आमच्या वाचकांनी का वाचावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. एक असे की, बेळगाव आणि म्हादई हे दोन्ही विषय आपल्या उंबरठ्यावरचे आहेत आणि दोन्हींशी हुबळीच्या राजकारणाची गाठ पडलेली आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. मतदाराने दिलेले मत अखेर कोणाच्या मालकीचे असते, उमेदवाराच्या, पक्षाच्या, जातीच्या की कोणाच्याच नव्हे, हा आपल्या लोकशाहीपुढील प्रश्न हुबळीत जितक्या स्वच्छपणे तपासला गेला तितका क्वचितच कोठे तपासला गेला असेल.

हुबळी म्हटले की आपल्याकडील जुन्या माणसांना सिद्धारूढांचा मठ आठवतो, गंगूबाई हनगल आठवतात, कापसाच्या वखारी आणि रेल्वेचा कारखाना आठवतो. व्यापारी आणि कामगार, कानडी आणि मराठी, हिंदू आणि मुसलमान असे मिश्र वस्तीचे हे शहर. दक्षिणेत जनसंघाला कोणी फारसे विचारीत नसे त्या काळात ह्या शहराने त्याला थारा दिला. जगदीश शेट्टरांचे वडील एस. एस. शेट्टर हे जनसंघाचे कार्यकर्ते, नगरसेवक आणि पुढे महापौर. चुलते सदाशिव शेट्टर हे १९६७ साली हुबळी शहरातून जनसंघाच्या तिकिटावर तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या विधानसभेत गेले. पदाची आशा धरून ह्या पक्षात जावे असे ते दिवस नव्हते. घरात पक्ष होता आणि पक्षात घर होते, अशा वातावरणात १९५५ साली जन्मलेले जगदीश शेट्टर वाढले, विद्यार्थी परिषदेत वावरले आणि हुबळीत वकिली करू लागले.

त्यांची पहिली निवडणूक समजून घ्यावयाची तर हुबळी ग्रामीण मतदारसंघाचा आधीचा इतिहास पाहिला पाहिजे. ह्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व कै. एस. आर. बोम्मई यांनी केले होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा संस्कार झालेला हा वकील १९८८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाचा मुख्यमंत्री झाला. १९८९ च्या एप्रिलमध्ये काही आमदारांनी पाठिंबा काढून घेतल्याची पत्रे राज्यपालांकडे पोहोचली. त्यांतील काहींनी लगोलग आपला पाठिंबा कायम असल्याचे कळविले. बोम्मई यांनी विधानसभेत बहुमत सिद्ध करण्याची तयारी दाखविली. तरीही २१ एप्रिल रोजी त्यांचे सरकार बरखास्त झाले. बोम्मई न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी जो निकाल दिला तो आज देशातील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. बहुमत राजभवनाच्या दिवाणखान्यात मोजावयाचे नसते, ते सभागृहात मोजावयाचे असते, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. त्यामागचा अर्थ इतकाच की, आमदाराचे मत हा खाजगी व्यवहाराचा ऐवज नव्हे. ते उघड्यावर, सर्वांच्या देखत दिले गेले पाहिजे.

त्या निकालाच्या वर्षीच हुबळीचे राजकारण पालटले. शहराच्या मध्यभागी, राणी चन्नम्मा चौकाजवळ असलेल्या ईदगाह मैदानावर राष्ट्रध्वज फडकविण्यावरून १९९२ पासून वाद धुमसत होता. १५ ऑगस्ट १९९४ रोजी संचारबंदी मोडून ध्वज लावण्याचा प्रयत्न झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. ज्या ध्वजासाठी एका पिढीने लाठ्या खाल्ल्या त्या ध्वजावरून स्वतंत्र भारतात आपल्याच माणसांचे रक्त सांडावे, याचे दुःख आम्हाला आजही वाटते. मैदानाच्या मालकीचा तंटा न्यायालयाने मिटवावयाचा होता. तो रस्त्यावर आला ह्यात एका बाजूचा हट्ट होता तसा दुसऱ्या बाजूचा आणि सरकारचा नाकर्तेपणाही होता. राजकीय परिणाम मात्र निःसंशय झाला. त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत राज्यभर जनता दलाची लाट होती, देवेगौडा मुख्यमंत्री झाले. परंतु हुबळी ग्रामीणमध्ये जनता दलाचे उमेदवार, माजी मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव बसवराज बोम्मई हे भारतीय जनता पक्षाच्या जगदीश शेट्टरांकडून सुमारे सोळा हजार मतांनी पडले. बापाचे नाव आणि राज्यभरची लाट ही दोन्ही मुलाच्या मदतीला असताना मतदाराने आपला कौल वेगळा दिला, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

पुढची वाटचाल एखाद्या शिस्तीच्या कारकुनाच्या बढत्यांसारखी दिसते. १९९९ साली दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ते विरोधी पक्षनेते झाले. २००४ साली तिसरा विजय, २००५ साली पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद, २००६ साली कुमारस्वामी यांच्या संमिश्र सरकारात महसूलमंत्रिपद. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००८ पासून हुबळी-धारवाड मध्य हा त्यांचा मतदारसंघ झाला. दक्षिणेतील आपले पहिले स्वबळाचे सरकार पक्षाने त्या वर्षी स्थापन केले तेव्हा शेट्टर सभापती झाले, पुढील वर्षी ग्रामविकासमंत्री. येडियुरप्पा गेले, सदानंद गौडा आले आणि गेले. १२ जुलै २०१२ रोजी पक्षाने शेट्टरांना मुख्यमंत्री केले. चार वर्षांतील हे तिसरे मुख्यमंत्री. सौम्य प्रकृतीचा, मितभाषी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला आणि लिंगायत समाजातील माणूस ही त्यांची पात्रता होती. भांडणाऱ्या दोन गटांना जो कोणालाच फार नकोसा नाही असा माणूस चालतो. अशी निवड माणसाला पदावर बसविते, पण सत्ता हाती देत नाही. दहा महिन्यांच्या त्या कारकीर्दीतील आपल्या वाचकांना आठवणारी घटना म्हणजे ११ ऑक्टोबर २०१२ रोजी बेळगावात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झालेले सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन. सीमाभागातील मराठी माणसाच्या छातीवर उभी केलेली ती इमारत, अशीच तिच्याकडे पाहण्याची तेथील मराठी जनतेची दृष्टी होती.

२०१३ च्या निवडणुकीत येडियुरप्पांनी वेगळी चूल मांडल्यामुळे पक्ष चाळीस जागांवर आला. मुख्यमंत्रिपद गेले, पण शेट्टरांची हुबळी ढळली नाही. ते पुन्हा विरोधी पक्षनेते झाले. २०१८ साली ते सहाव्यांदा निवडून आले, एकवीस हजारांच्या मताधिक्याने. २०१९ साली मुख्यमंत्रिपद भूषविलेला हा गृहस्थ येडियुरप्पांच्या मंत्रिमंडळात उद्योगमंत्री म्हणून बसला. ह्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. काम करणाऱ्याला पायरी लहान नसते. परंतु दोन वर्षांनी पक्षाने मुख्यमंत्री म्हणून ज्यांना निवडले ते बसवराज बोम्मई होते. तेच बोम्मई, ज्यांना शेट्टरांनी १९९४ साली पाडले होते आणि जे २००८ साली भारतीय जनता पक्षात आले होते. आपण ज्येष्ठ आहोत, असे सांगून शेट्टरांनी त्यांच्या मंत्रिमंडळात जाण्याचे नाकारले. घरात जन्मलेला मुलगा ओसरीवर आणि बाहेरून आलेला माजघरात, ही सल त्यांना लागली असेल तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच होते.

मग २०२३ चा एप्रिल आला. आता तरुणांना वाट द्या, असे दिल्लीहून सांगण्यात आले. शेट्टरांनी एक शेवटची संधी मागितली. ती मिळाली नाही. १६ एप्रिल रोजी त्यांनी शिरशीला जाऊन सभापतींकडे आमदारकीचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी ते काँग्रेसमध्ये दाखल झाले. तीन पिढ्यांचे नाही म्हटले तरी दोन पिढ्यांचे घर एका रात्रीत सुटले. पक्षाने त्यांच्यासमोर महेश तेंगिनकाई यांना उभे केले. येडियुरप्पा स्वतः हुबळीत आले आणि शेट्टर निवडून येणार नाहीत, असे त्यांनी निक्षून सांगितले. निकाल लागला तो असा: तेंगिनकाई ९५,०६४, शेट्टर ६०,७७५. चौतीस हजारांहून अधिक मतांनी सहा वेळचा आमदार पडला. आणि हे घडले केव्हा? काँग्रेसने राज्यात १३५ जागा जिंकून भारतीय जनता पक्षाला ६६ वर आणले तेव्हा. १९९४ प्रमाणेच राज्याचा वारा एकीकडे आणि हुबळीचा कौल दुसरीकडे.

ह्या निकालावरून, मत हे पक्षाच्या मालकीचे असते, माणसाच्या नव्हे, असे अनुमान त्या वेळी पुष्कळांनी काढले. सहा निवडणुकांची पुंजी आपल्या नावावर जमा आहे असे शेट्टर समजत होते, प्रत्यक्षात खातेदार दुसराच निघाला, असे म्हटले गेले. आम्हाला हे अनुमान अर्धे खरे वाटते. काँग्रेसच्या चिन्हावर ज्या साठ हजारांनी शेट्टरांना मत दिले त्यांत त्यांची स्वतःची माणसे मुळीच नव्हती असे कोण म्हणेल? आणि मत जर केवळ पक्षाच्याच मालकीचे असते, तर पुढे जे घडले ते घडण्याचे कारण नव्हते. काँग्रेसने जूनमध्ये शेट्टरांना विधानपरिषदेत बिनविरोध पाठविले. सुमारे सात महिन्यांतच, २५ जानेवारी २०२४ रोजी, ते दिल्लीत स्वगृही परतले. ज्या येडियुरप्पांनी हुबळीत त्यांच्या पराभवाचे भाकीत केले होते ते ह्या प्रसंगी हजर होते. ज्याला एप्रिलमध्ये वयाचे कारण सांगून विधानसभेचे तिकीट नाकारले त्याला अकरा महिन्यांनी त्याच पक्षाने लोकसभेचे तिकीट दिले. मधल्या काळात ते तरुण झाले नव्हते. फक्त पक्षाला त्यांची आणि त्यांच्यामागे आहे असे समजल्या जाणाऱ्या समाजाची गरज पुन्हा भासली होती.

तिकीट मिळाले ते बेळगावचे. तेथे २००४ पासून कै. सुरेश अंगडी निवडून येत; ते शेट्टरांचे व्याही. २०२० साली त्यांचे निधन झाल्यावर पोटनिवडणुकीत श्रीमती मंगला अंगडी जेमतेम पाच हजारांनी निवडून आल्या होत्या. हुबळीचा पाहुणा आम्हाला नको, अशी कुरबूर बेळगावात सुरुवातीस झाली. परंतु शेट्टर ७,६२,०२९ मते घेऊन आणि मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांचे चिरंजीव मृणाल यांना पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी मागे टाकून लोकसभेत गेले. ह्या आकड्यांतच मराठी मताचीही एक कथा दडली आहे. २०२१ च्या पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराने एक लाख सतरा हजारांवर मते घेतली होती. २०२४ साली समितीचा आकडा पार खाली घसरला. ज्यांच्या कारकीर्दीत सुवर्ण विधानसौध उघडले त्यांच्याच पारड्यात सीमाभागातील पुष्कळ मराठी मते पडली असली पाहिजेत. तेव्हा मराठी मत हेही कोणाची मिरास नाही, हे समितीच्या पुढाऱ्यांनी समजून घ्यावे आणि तिच्या नावाने येथे मुंबई-पणजीत भाषणे ठोकणाऱ्यांनीही समजून घ्यावे.

म्हणजे मत माणसाचे नाही, निखालस पक्षाचे नाही, जातीचे नाही आणि भाषेचेही नाही. ते मतदाराचे आहे. तो ते पाच वर्षांसाठी उसने देतो. परंतु उसने घेणारे सगळेच त्याला आपली कमाई समजू लागले आहेत. येथे आपण आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. गोव्यात २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदारांनी एका रात्रीत पक्ष बदलला. २०२२ च्या जानेवारीत त्याच काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घालण्यात आल्या. सप्टेंबरात अकरांपैकी आठ जण निघून गेले. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा त्यांना अडवू शकला नाही, कारण दोन-तृतीयांशांची वाट त्याने उघडी ठेवली आहे. शेट्टर यांच्या बाबतीत एवढे तरी म्हटले पाहिजे की, त्यांनी आधी आमदारकी सोडली, मग पक्ष सोडला आणि मग मतदारापुढे जाऊन उभे राहिले. ते पडले, पण चोरवाटेने गेले नाहीत. २०१९ च्या आपल्या दहांपैकी किती जणांनी एवढे धैर्य दाखविले? मतदाराने त्यांतील बहुतेकांना २०२२ साली घरी बसविले, परंतु त्यासाठी त्याला अडीच वर्षे थांबावे लागले.

एक गोष्ट ह्या साऱ्या जयपराजयांच्या गोंगाटात हरवते, ती म्हणजे पाणी. एकोणतीस वर्षे एकाच माणसाला निवडून देणाऱ्या हुबळीत नळाला पाणी रोज येत नाही, अनेक भागांत कित्येक दिवसांच्या खंडाने येते, ही तक्रार जुनी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग २००८ पासून झाला. तो सगळ्या शहरात पोहोचविणे रखडत राहिले. नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आले, धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आले, दोन शहरांमध्ये बससाठी खास मार्ग झाला; पाणी मात्र मागेच राहिले. ह्या तहानेवर सर्वच पक्षांनी एक सोपे उत्तर शोधले: म्हादई. कळसा-भांडुराचे पाणी मलप्रभेत वळवू, असे प्रत्येक निवडणुकीत सांगितले गेले. जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले, त्यांतील ३.९ मलप्रभेकडे वळविण्याची मुभा दिली. गोव्याने, महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. २०२२ च्या अखेरीस केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित आराखड्याला मान्यता दिली आणि ती बातमी बोम्मई सरकारने निवडणुकीच्या तोंडावर वाजतगाजत सांगितली. तेव्हा गोव्यातही त्याच पक्षाचे सरकार होते. एकाच पक्षाचे हात दोन राज्यांत दोन बाजूंनी एकच घागर ओढीत होते.

म्हादईच्या खोऱ्याचा एक थेंबही वळवू नये, ही आमची भूमिका कायम आहे; सत्तरीचे रान आणि मांडवीचे मुख त्यावर जगते. पण हुबळीच्या सामान्य गृहिणीशी आमचे भांडण नाही. सौंदत्तीजवळील रेणुकासागर हे मलप्रभेचे धरण, ज्याच्या पाण्यावर हुबळी अवलंबून आहे, ते आता शेट्टरांच्याच लोकसभा मतदारसंघात येते. त्या धरणाचे पाणी शेतीला किती, उसाला किती, शहराला किती, आणि शहरातील जुन्या नळांतून झिरपून जाते किती, ह्याचा हिशेब मांडण्यास त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. तो हिशेब त्यांनी लोकसभेत मांडला, तर हुबळीचे भले होईल आणि म्हादईवरचा भारही हलका होईल. सहा वेळच्या आमदारकीचे उतराई होण्याचा ह्याहून सरळ मार्ग आम्हाला दिसत नाही.

पक्षांनाही आमचे एक सांगणे आहे. उमेदवार ठरविण्याचा अधिकार दिल्लीच्या खोलीतून काढून मतदारसंघातील सभासदांच्या हाती द्यावा. हुबळीच्या कार्यकर्त्यांनीच २०२३ साली उघड मतदान करून तेंगिनकाईंना निवडले असते तर शेट्टरांना मानाने बाजूला होता आले असते. आणि त्यांनी शेट्टरांना निवडले असते तर दिल्लीला ते मानावे लागले असते. बहुमत उघड्यावर मोजावे, हा धडा ह्याच मातीतील एका मुख्यमंत्र्याने देशाला दिला. तो सभागृहापुरता ठेवण्याचे कारण नाही. पक्षाच्या घरातही तो लागू व्हावा. आणि पुढाऱ्यांनी आपले दिवस भरत आल्याची खूण दुसऱ्याने सांगण्याआधी ओळखावी. ओहोटी लागल्यावर होडी किनाऱ्याला घेण्यात कमीपणा नाही. ती वाळूत रुतल्यावर खेचावी लागते त्यात आहे.

लॅमिंग्टन रोडवरील पाटी बदलली तरी लोक आपल्याला हवे तेच नाव घेत राहिले. मतदारही तसाच आहे. पक्षांनी पाट्या बदलाव्यात, पुढाऱ्यांनी घरे बदलावीत. कोणाला कोणत्या नावाने हाक मारावयाची आणि कोणाला मारावयाचीच नाही, हे तो ठरवितो. १९९४ साली त्याने ते ठरविले, २०२३ साली ठरविले. आपल्याकडील मतदारानेही ते ठरवावे, आणि त्याची धास्ती पर्वरीच्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला वाटावी, एवढीच आमची इच्छा आहे.